बाजेवर निजलेले दोन क्रँक

आमच्या घरात एक काळ असा होता, की आलेल्या पाहुण्याला ओसरीवरच्या बाजेवर बसता यायचं नाही, कारण बाजेवर गोधडी पांघरून क्रँक निजलेला असायचा. पाहुणा दबकून विचारायचा, "कोन आजारी हाये का?" आणि माय भाकरी थापता थापता आतून सांगायची, "न्हाई, ह्यांचं इंजिन निजलंय. तुम्ही पाटावर टेका." पुढं एकाचे दोन क्रँक झाले, शेजारी शेजारी, एकमेकांत पाय गुंतवून. त्या दोघांतला कोणता उठवायचा आणि कोणता भंगारात धाडायचा, हे ठरवायचा मान माझ्याकडं आला होता. आला होता म्हणजे मी तो ओढून घेतला होता. मी तेव्हा वीस वर्षांची होते, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि जगात मला न येणारा एकही प्रश्न शिल्लक नव्हता.

घर नवीन जालन्यात, स्टेशनच्या मागच्या अंगाला. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला बापूकाकाचं पत्र्याचं शेड. गिरणी सुरू झाली की आमच्या मांडणीवरची भांडी थरथरून आपसांत बोलायला लागायची, आणि गिरणी थांबली की इतकं शांत व्हायचं की माय दचकून विचारायची, "काय झालं?" अण्णा, म्हणजे माझे वडील, एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात फिटर होते. दाणे निवडणाऱ्या तिथल्या चाळण्या दिवसभर हलत, त्या हलत्या ठेवणं हे त्यांचं काम. बियाण्याला चोळायचं गुलाबी औषध त्यांच्या नखांत कायमचं बसलेलं असायचं. जेवायच्या आधी माय त्यांना हात पुढं करायला लावायची आणि शाळेतल्या बाईसारखी उलटसुलट तपासायची. मगच ताटात येसराची आमटी पडायची. अण्णा मुकाट्यानं हात दाखवायचे. कारखान्यात चाळीस माणसांवर ओरडणारा माणूस घरात नखं दाखवून जेवायचा, हे मला तेव्हा विनोदी वाटायचं. आता मीही कारखान्यातून आले की माझी लेक मला तसंच उभं करते, आणि त्यात विनोदी काय होतं ते आठवत नाही.

शेडमध्ये एक विलायती मोटार उभी होती. काळी, गोल पाठीची, दारं उलट्या बाजूला उघडणारी. आम्ही तिला 'डॉक्टरीण' म्हणायचो, कारण ती परतूरकडच्या एका मिशनच्या डॉक्टरीणबाईंची होती. माझ्या जन्माच्या वेळी माय आमच्या गावी अडली होती. काळ्या मातीचा चिखल असा, की बैल पोटापर्यंत रुतत होते. त्या चिखलातून ही मोटार घेऊन डॉक्टरीणबाई आल्या, म्हणून मी आहे आणि मायही आहे. पुढं बाई गेल्या, दवाखाना बंद झाला, आणि अण्णांनी ती गाडी, इंजिन पार बसलेलं असताना, दोरानं ओढत जालन्याला आणली. अण्णा तिला चालू करणार होते. गेली सात-आठ वर्षं करणारच होते.

बापूकाका अण्णांचा धाकटा भाऊ. वयानं धाकटा, आवाजानं थोरला. त्याचा बियाण्याचा धंदा वाढला होता आणि शेडमध्ये त्याला पोती ठेवायची होती. त्या वर्षी पोळ्याच्या जेवणात पुरणपोळीवर तूप ओतून घेता घेता त्यानं जाहीर केलं, "दादा, दसऱ्याला तुमची डॉक्टरीण सोताच्या पायानं शेडाबाहेर आली, तर मी तिला सोतंतर पत्रे टाकून देतो. न्हाई आली, तर भंगारवाला येईल. मी त्याला सांगून राह्यलोय."

"भंगारवाला म्हंजी कुठं जाईल ती?" मायनं विचारलं.

"जाते कुठं? आपल्याच एमआयडीसीत. भट्टीत. सळई होऊन येईल, एखाद्याच्या स्लॅबात जाईल. चांगलंच हाये की, वहिनी, पुण्य हाये."

अण्णा ताटावरून उठले. पोळी तेवढी अर्धीच राहिली. हात धुताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "नंदे, तुझ्यासाठी चिखलातून आलेली गाडी हाये ती. भट्टीत घालू का?" आणि त्याच दिवशी आमचं इंजिन उघडलं.

इंजिनाची सगळी कथा इथं सांगत बसत नाही, पण क्रँक म्हणजे काय ते सांगायला हवं. मायचं शिवणाचं मशीन डोळ्यांपुढं आणा. पाय वर-खाली होतो आणि चाक गोल फिरतं. इंजिनातही तेच, दट्टे वर-खाली होतात आणि त्यांचं गोल फिरणं करून देतो तो क्रँक. हा वाकड्यातिकड्या कोपरांचा लोखंडी दांडा ज्या गुळगुळीत अस्तरात फिरतो ती बेरिंग. ह्या जुन्या गाडीच्या बेरिंगांना आतून मऊ, पांढऱ्या धातूचा थर असायचा. नखानं ओरखडा निघेल इतका मऊ. मी पुस्तकात वाचून चकित झाले होते, की इतक्या दणक्याच्या जागी इतकं मऊ कशाला? त्याचं उत्तर रहीमचाचांनी दिलं. "बेटा, घिसने का काम बेरिंग का. क्रँक को सलामत रखना, खुद मर जाना. घर में बी एक ऐसा मांगता."

रहीमचाचा आमच्या भागातले सगळ्यात जुने मिस्त्री. आयुष्यभर तेलइंजिनं आणि मळणीयंत्रं यांच्या शेजारी उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेले होते. हाक मारली तर वळायचे नाहीत, पण दूरवर एखाद्या ट्रॅक्टरचा आवाज बिघडला की पायाच्या तळव्यातून कळल्यासारखे थबकायचे. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. त्यामुळे आमच्या इंजिनाच्या प्रत्येक स्क्रूची बातमी गिरणीत दळण टाकायला आलेल्या बायांपर्यंत जायची.

गाडीचा मूळचा क्रँक बाहेर काढला तेव्हा मी माझा मायक्रोमीटर आणला. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सही करून घरी आणायला मला चार दिवस सरांच्या मागं फिरावं लागलं होतं. मी तो रुमालात गुंडाळून ठेवायचे आणि मायनं हात लावला तर ओरडायचे. मी मोजलं आणि वहीत लिहिलं. जिथं बेरिंग बसते ती प्रत्येक जागा झिजून लंबगोल झालेली. तासून गोल करता आली असती, पण मग दांडा इतका बारीक झाला असता की त्या मापाची तयार बेरिंग कुठंच मिळाली नसती. जुन्या बेरिंगांत नवी धातू ओतायची आणि हातानं तासून बसवायची, एवढाच मार्ग उरला असता.

मग मला दुसरा क्रँक सापडला. अण्णांच्या ओळखीच्या एका सळईच्या मिलमध्ये भंगाराचे डोंगर होते. जगभरचं मोडकं लोखंड तिथं येऊन पडायचं. सायकली, लोखंडी खाटा, शिवणाच्या मशीनचे पाय. अण्णा सुटीच्या दिवशी तिथं रमायचे, बाजारातल्यासारखे. त्या ढिगात एका खाटेच्या खालून चकाकणारं कोपर मला दिसलं. ओढलं, पुसलं, अण्णांनी चष्मा लावून ओतीव आकडा वाचला आणि उकिडवेच बसले. "नंदे, आपल्याच जातीचा हाये!" घरी आणून मी मोजला. प्रत्येक जागा गोल, प्रत्येक माप मूळचं, केसभराचाही फरक नाही. आणि मूळ मापाच्या बेरिंगांचा एक जोड तेव्हाच्या औरंगाबादला एका जुन्या दुकानात तेलकट कागदात गुंडाळलेला पडून होता, हे अण्णांना ठाऊक होतं. तो आणायचा, क्रँक ठेवायचा, झाकण लावायचं. आठवड्याचं काम. मी वहीत दोन रकाने आखून दोन्ही मापं समोरासमोर लिहिली आणि खाली लाल शाईनं रेघ मारली. रेघ मारायला मला पहिल्यापासून फार आवडतं.

रहीमचाचांनी वही बघितली नाही. त्यांनी दोन्ही क्रँक अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला दोरानं टांगायला लावले. लांब पेचकस घेतला, त्याचं टोक क्रँकला टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत धरली. मग हातोडीचा हलका ठोका. ठण्ण. डोळे मिटून ते तसेच उभे. गिरणी चालू होती, आम्हाला तर दोन्ही आवाज सारखेच वाटले. जुन्या क्रँकपाशी ते बराच वेळ उभे राहिले, दुसऱ्यापाशी लगेच पेचकस काढला.

"पुराना बोलता जाता, बोलता जाता," ते म्हणाले. "ये एक बात बोल के चुप. अंदर कुछ हाये."

"पण चाचा, मापं बघा ना!" मी वही नाचवली.

"माप अच्छाच हाये. इतना अच्छा हाये तो भंगार में कायकू आया, बेटा?"

 ज्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही तो प्रश्न चुकीचा असतो, असं माझं तेव्हाचं शास्त्र होतं. "कुणी तरी नीट न बघता फेकला असेल."

माय दारात गहू निवडत बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "अगं, आपन साधा माठ घेतो तरी चार ठिकानी टिचकी मारून घेतो. आवाज बद आला तर फुकट दिला तरी घेत न्हाई."

"माय, हा माठ नाहीये!"

"मी कुठं म्हणलं माठ हाये. मी म्हणलं वाजवून बघत्यात."

सगळे माझ्याकडं बघत होते. भिंतीवरून डोकावणारी गिरणीतली माणसंसुद्धा. आणि मी ते वाक्य बोलले. मोठ्यानं, कारण चाचांशी मोठ्यानंच बोलावं लागायचं. "चाचा, तुम्हाला साधी हाक ऐकू येत नाही, लोखंडाच्या आतलं काय ऐकू येणार?"

गिरणी नेमकी त्याच क्षणी थांबली. माझं वाक्य अंगणात एकटंच उरलं. चाचांनी पेचकस सदऱ्याला पुसला, खिशात घातला. अण्णांकडं बघून म्हणाले, "पढीलिखी बच्ची हाये. उसका मान लो." अण्णा माझ्याकडं बघत होते. रागानं नाही, हे आणखी वाईट. अभिमान आणि लाज दोन्ही एका चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पाहिली. शेवटी ते हळूच म्हणाले, "आकडे तर बराबर हायेत." चाचा गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही नाहीत. अण्णा औरंगाबादहून बेरिंगांचा जोड घेऊन आले. मी भंगारातला क्रँक रॉकेलच्या टबात रात्रभर भिजवून ठेवला, सकाळी काढून फडक्यानं लख्ख पुसला आणि बाजेवर निजवला. दुसऱ्या बाजूला जुना होताच, पण त्याची गोधडी काढून मी नव्यावर घालणार होते. ती सकाळ घटस्थापनेची. दसऱ्याला नऊ दिवस.

घट बसवायचा म्हणून मायनं रांगोळी काढायला घेतली. बाजारातल्या रांगोळीत खडे फार, म्हणून ती नेहमी फडक्यातून गाळून घ्यायची. बाजेशेजारी तेवढीच सावली होती, तिथं बसून ती फडकं झटकत राहिली आणि वाऱ्यानं पांढरी धूळ अर्धी ताटात, अर्धी माझ्या क्रँकवर बसली. मी अंघोळ करून आले तर क्रँक पिठात लोळल्यासारखा. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मायच म्हणाली, "नंदे, तुझ्या दांड्याला केस चिकटलाय बघ. मी पुसला तर निघंना."

मी वाकले. एका कोपराच्या मुळाशी, जिथं गोल भाग जाड भागाला मिळतो, तिथं पांढऱ्या धुळीत एक बारीक काळी रेघ होती. मायनं तिथं बोट फिरवलेलं होतं, तरी पुन्हा धूळ बसून पुन्हा उमटलेली. मी फडक्यानं खसाखसा पुसलं. कोरडं लोखंड चकचकीत, काही नाही. मग मायच्या ताटातून चिमूटभर रांगोळी घेऊन भुरभुरली आणि श्वास रोखून बघत राहिले. आधी पांढरं. मग हळूहळू, आतून कुणी शाई सोडावी तशी, रेघ ओली झाली. तीच, तेवढीच, तशीच.

आता हसू येतं ते ह्याचं, की ही परीक्षा मला येत होती. अगदी पाठ होती. धातूतला अदृश्य तडा शोधायची रीत म्हणजे वस्तू रॉकेलमध्ये भिजवा, कोरडी पुसा, वर खडूची पूड टाका, तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपून पूड ओली करतं. मी ती परीक्षेत आकृतीसकट लिहिली होती आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. फक्त ती कागदावरून उठून आमच्या ओसरीवर येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. खडू नव्हता म्हणून कदाचित.

मी तिसऱ्यांदा पुसलं. ह्या वेळी जरा जास्त वेळ. खरं सांगायचं तर मी त्या वेळी रेघ शोधत नव्हते, ती नसावी म्हणून पुसत होते. मायला तो केस वाटला होता. अण्णा कारखान्यात होते. क्रँक आत ठेवून झाकण लावलं की रेघ कुणाला दिसणार नव्हती. दसऱ्याला गाडी बाहेर येण्यापुरता तो टिकलाही असता, कदाचित परतूरपर्यंतही गेला असता. पुढं कधीतरी, भर रस्त्यात, अण्णा चालवत असताना, तुटला असता.  मायचा घट बसला, ती आरती म्हणून बाहेर आली तरी मी तिथंच. तिनं विचारलं, "केस निघाला का?"

"केस नाही माय. तडा गेलाय."

माय माझ्याशेजारी बसली. तिनं रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मी वाट बघत होते की आता ती माठ काढणार. तिनं काढला नाही. म्हणाली, "मंग जा की. सायकल हाये दारात."

चाचांचं दुकान स्टेशनकडून वळल्यावर गल्लीच्या तोंडाशी. वाटेत मी माफी तयार केली होती, छोटी, सभ्य, हळू आवाजातली. चाचा एका तेलइंजिनात डोकं घालून बसले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "चाचा, माझं चुकलं." ते बघेनात. मी मोठ्यानं म्हटलं. त्यांनी पाना मागण्यासाठी हात पुढं केला. शेवटी मी जीव खाऊन ओरडले, "चाचा! माझं चुकलं! क्रँकला तडा हाये! तुमचं खरं होतं!" समोरच्या हॉटेलातला चहावाला बाहेर आला. रिक्षावाल्यांनी गप्पा थांबवल्या. शिंप्यानं मशीन थांबवलं. चाचांनी डोकं बाहेर काढलं, हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "सुना मैं. पहली बारीच सुना."

"मग बोलला का नाही?"

"अच्छा लगा," ते म्हणाले. "और दो बार सुना तो और अच्छा लगा." आणि मग ते असे हसले की त्यांना खोकला लागला आणि मला रडू आलं, दोन्ही एकाच वेळी.

नऊ दिवसांतले दोन दिवस क्रँक तासून आणण्यात गेले. अण्णांनी रजा काढली, जुना क्रँक गोधडीत गुंडाळून पॅसेंजरनं औरंगाबादला नेला. तासून गोल झालेला क्रँक मांडीवर घेऊन परत आले. डब्यातली एक बाई म्हणाली होती म्हणे, "बाळ लई शांत हाये तुमचं." एकीकडं चाचांनी अंगणात शेगडी पेटवली. जुन्या बेरिंगांची कवचं आधी नवसागर लावून तापवायची, त्यांवर कथील फिरवायचं, मग वितळलेली पांढरी धातू ओतायची. नवसागराचा धूर उठला तशी माय बाहेर आली, "अहो, ही तर कल्हई!" आणि मग तिला कुणी आवरू शकलं नाही. कथील फिरवायचं फडकं कोरडं पाहिजे, बोळा कापसाचाच पाहिजे, कवच कुठं कथील न लागता उष्टं दिसलं तर पुन्हा तापवलं पाहिजे. चाचांना ऐकू येत नव्हतं तरी ते मान डोलवत होते, कारण ते नेमकं तेच करत होते. धातू तापली की नाही बघायला मी थर्मामीटर कुठून आणावा ह्या विचारात होते. चाचांनी कुडातली एक वाळकी तुराटी मोडून धातूत बुडवली. "जली तो जास्ती. भुरी हुई तो बराबर." तुराटी तपकिरी होऊन बाहेर आली. मी वहीत लिहून घेतलं. रेघ मारली नाही.

मग तासणी. ओतलेली बेरिंग क्रँकवर नीट बसते का हे कसं कळायचं? दांड्याला तेलात कालवलेला शेंदूर पातळ लावायचा, बेरिंगमध्ये फिरवायचा, उघडायचं. जिथं लाल ठिपका लागला तिथं उंचवटा. तेवढाच तिकोनी कानशीच्या धारदार टोकानं खरवडायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा फिरवा, पुन्हा उघडा. अण्णा शेंदूर आणायला गेले तर पूजेच्या दुकानदारानं विचारलं, "कोणत्या मारुतीला?" अण्णा म्हणाले, "मारुतीला न्हाई. डॉक्टरिणीला." त्यानं जास्त चौकशी केली नाही.

ते काम चाचांनी माझ्याकडं दिलं. म्हणाले, "तेरी नजर अच्छी हाये. हात मैं सिखाता." रोज सकाळी उपासाची भगर खाऊन मी ओसरीवर बसायचे ते संध्याकाळची गिरणी बंद होईपर्यंत. पहिल्या दिवशी बेरिंगमध्ये लाल ठिपके तीनच, मोठे. म्हणजे सगळं वजन तीन जागी. मी जोर लावून खरवडलं, खड्डा पडला, ती बेरिंग पुन्हा ओतावी लागली. चाचा एकदाही ओरडले नाहीत, हा अपमान मी सहन केला. तिसऱ्या दिवशी ठिपके वाढले, बारीक झाले. सहाव्या दिवशी उघडलं तर आतून सगळीकडं सारखा लाल शिडकावा, डाळिंबाच्या दाण्यांसारखा. मी बघतच राहिले. मायक्रोमीटर बाजूलाच होता रुमालात. तो मला क्रँक आणि बेरिंग ह्या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे ते सांगू शकत होता, पण त्या एकमेकींना कुठं भेटतात ते सांगत नव्हता. ते शेंदूर सांगत होता. खंडेनवमीला अण्णांनी हत्यारांची पूजा मांडली तेव्हा माझा मायक्रोमीटर आणि चाचांचा दातखाल्ला पेचकस शेजारी शेजारी ठेवून दोघांना सारखंच कुंकू लावलं.  त्या आठवड्यात मी बरंच काही बोलले नव्हते, माय काळजीत होती.

दसऱ्याला सकाळी झेंडूच्या माळा घातलेली डॉक्टरीण शेडमध्ये उभी, आणि बाहेर बापूकाका नवा सदरा घालून घड्याळ बघत. शेडच्या तोंडासमोरच त्यानं रिकाम्या पोत्यांची थप्पी आधीच रचून ठेवली होती, जागा झाली की आत टाकायला. अण्णा गाडीत बसले. चाचांनी पुढून हँडल मारलं. एकदा. काही नाही. दुसऱ्यांदा इंजिन शिंकलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा नुसता उसासा. बापूकाका म्हणाला, "काय इंजिनेरबाई, भंगारवाल्याला सोनं द्यायला बोलवू का?" पाचव्यांदा चाचांनी हँडल माझ्या हातात दिलं. अंगठा आत घ्यायचा नाही, नाहीतर उलट झटक्यात मोडतो, एवढं मला येत होतं. मी ओढलं. आणि आतून एक जड, मऊ, गोल आवाज उठला, आमच्या अंगणात कधी न ऐकलेला. मांडणीवरची भांडी थरथरली. गिरणी त्या दिवशी बंद होती.

अण्णांनी गिअर टाकला. डॉक्टरीण हलली, स्वतःच्या पायानं, हळूच, शेडच्या उंबऱ्यावरून बाहेर आली. सगळे ओरडले. मायनं हात जोडले. आणि गाडी चालतच राहिली. अण्णांचा पाय ब्रेकवर जोरजोरात आपटत होता, पण आम्ही सगळे महिनाभर क्रँक आणि बेरिंग, क्रँक आणि बेरिंग करत राहिलो, आणि ब्रेककडं एकाही शहाण्यानं बघितलं नव्हतं. गाडी संथपणे, मोठ्या डौलानं, जाऊन बापूकाकाच्या पोत्यांच्या थप्पीत घुसली आणि थांबली. थप्पी तिच्या अंगावर आडवी झाली. इंजिन चालूच.

धूळ खाली बसल्यावर बापूकाका म्हणाला, "दादा, मी शेडाबाहेर म्हणलो होतो. पोत्यात न्हाई म्हणलो." पण तो हसत होता, आणि आपट्याची पानं सगळ्यात आधी त्यानं गाडीच्या बॉनेटवर ठेवली. पत्रेही टाकून दिले त्यानं, दिवाळीआधी. ते अजून आहेत, डॉक्टरीणही आहे. माझी लेक जी स्कूटी चालवते तिच्यात बॅटरी आहे, क्रँकच नाही. तिनं परवा विचारलं, "मग आई, ह्यात ऐकायचं काय?" मलाही तेच जाणून घ्यायचंय. मी अजून शोधतेय.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. आम्ही पोती बाजूला केली, चाचांनी बॉनेट उघडलं आणि खिशातून पेचकस काढून मूठ माझ्याकडं केली. दातांच्या जुन्या खुणा असलेली, रॉकेलचा वास येणारी. मी मायकडं बघितलं. मायनं नजर दुसरीकडं वळवली, म्हणजे परवानगी. टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. आणि कानांना ऐकू येणारं सगळं, बापूकाकाचं बोलणं, पोरांचा गलका, मायच्या बांगड्या, एकदम लांब गेलं. कवटीच्या आत, जिथं मी आजवर फक्त माझाच आवाज ऐकला होता, तिथं तो दांडा फिरत होता. तेलावर, सगळीकडं सारखा टेकून, न अडखळता. बोलत होता, बोलत जात होता.

"क्या बोलती, बेटा?" चाचांनी विचारलं.

अण्णा गाडीतून वाकून बघत होते. बापूकाकाही थांबला. सगळ्या अंगणाला माहीत होतं की मला विचारलं की मी सांगते.

पण माझ्या तोंडात पेचकस होता, आणि मला तो काढायचा नव्हता.